सरावात जमते, सामन्यात का नाही? हालचाल शिकण्याचे शास्त्र खेळाडूंना आणि दुखापतीतून सावरणाऱ्यांना काय सांगते

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात खेळातल्या दुखापती घेऊन साधारण दोन प्रकारचे रुग्ण येतात. पहिले म्हणजे अकादमीत किंवा तालमीत घाम गाळणारी शाळा-कॉलेजातली मुले आणि त्यांचे पालक. दुसरे म्हणजे कंपनीत पाळीने काम करून रविवारी टेनिस बॉलचे क्रिकेट खेळणारे, किंवा अपघातानंतर हात-पाय पुन्हा कामाला लावू पाहणारे मोठे लोक. दोघांचे बोलणे मात्र बरेच सारखे असते. "डॉक्टर, सरावात जमते, पण ऐन वेळी जमत नाही." "काल व्यायाम छान झाला होता, आज परत पहिल्यासारखेच." आणि शेवटी, "मग आता वेळ वाढवू का?"

वेळ वाढवणे हे सगळ्यांना सुचणारे उत्तर आहे, पण ते नेहमी बरोबर नसते. कित्येकदा वाढवलेल्या वेळाने खेळ सुधारत नाही, फक्त खांदा, गुडघा किंवा टाच दुखू लागते.

माणूस हालचाली कशा शिकतो यावर मानसशास्त्रज्ञ शंभरहून अधिक वर्षे संशोधन करत आहेत. त्यातला रुग्णांना आणि खेळाडूंना सर्वांत उपयोगी पडणारा निष्कर्ष साधा आहे: सराव चालू असताना हालचाल किती सफाईदार दिसते, यावरून ती किती शिकली गेली हे कळत नाही. तीच हालचाल दोन दिवसांनी, वेगळ्या जागी, कोणी न सांगता जमली, तर ती शिकली गेली असे म्हणता येते. सराव कसा आखावा, घरच्यांनी किती बोलावे, दुखापतीनंतर मैदानात कधी उतरावे, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे याच फरकावर अवलंबून आहेत.

'हात बसतो' म्हणजे नेमके काय होते?

एखादे काम सराईतपणे जमू लागले की आपण म्हणतो, 'हात बसला'. प्रत्यक्षात बदल हातापेक्षा जास्त मेंदूत होतो. स्नायूंना स्वतःची स्मरणशक्ती नसते. कोणते स्नायू, कोणत्या क्रमाने, किती जोराने आखडायचे याचा हिशेब मेंदू आणि मज्जारज्जू ठेवतात. लहान मेंदू अंदाज आणि प्रत्यक्ष हालचाल यांतली चूक मोजतो आणि पुढच्या वेळी ती कमी करतो. मेंदूच्या खोल भागातली काही केंद्रे सवयीच्या हालचाली विचार न करता होऊ देतात.

पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले. गिअरची मोटारसायकल शिकतानाचे दिवस आठवले की ते लगेच समजतात. पहिल्या टप्प्यात प्रत्येक गोष्ट विचार करून करावी लागते: क्लच दाब, गिअर टाक, हळू सोड. दुसऱ्या टप्प्यात चुका कमी होतात, पण लक्ष द्यावे लागते. तिसऱ्या टप्प्यात हात-पाय आपोआप चालतात आणि डोके रस्त्यावरच्या गर्दीकडे मोकळे राहते.

दुखापत किंवा शस्त्रक्रियेनंतर माणूस तिसऱ्या टप्प्यावरून पुन्हा पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यावर येतो. काल न बघता जिना उतरणारा आज प्रत्येक पायरी बघून उतरतो. यात इच्छाशक्ती कमी पडण्याचा प्रश्न नसतो. वेदना, सूज आणि बदललेल्या संवेदनांमुळे मेंदूचा जुना हिशेब लागू पडत नाही, तो नव्याने मांडावा लागतो.

छन्नी, हातोडा आणि शिकण्याचे गुपित

आपल्या भागात हजारो जणांनी आयटीआयमध्ये फिटरचे काम शिकले आहे. छन्नीवर हातोडा मारायला शिकताना पहिल्या आठवड्यात अंगठा किती वेळा ठेचला, हे त्यांना सांगायला नको. हालचालींच्या शास्त्रातला एक मोठा शोध याच कामातून लागला.

१९२० च्या दशकात मॉस्कोच्या केंद्रीय श्रम संस्थेत निकोलाय बर्नस्टाइन हे शास्त्रज्ञ छन्नी-हातोड्याचे काम करणाऱ्या कामगारांचा अभ्यास करत होते. त्यांनी कामगारांच्या हातावर आणि हातोड्यावर छोटे दिवे लावले आणि हालचालींची वेगवान छायाचित्रे घेतली. सराईत कामगाराचा खांदा, कोपर आणि मनगट प्रत्येक घावाला अगदी एकाच मार्गाने जात असतील, असे कोणालाही वाटेल. पण तसे नव्हते. प्रत्येक घावाला सांध्यांची हालचाल थोडी वेगळी होती, तरी हातोडा मात्र नेमका जागेवर पडत होता. एक सांधा थोडा चुकला की दुसरा ती चूक भरून काढत होता.

म्हणजे कौशल्य हे एकच हालचाल हुबेहूब पुन्हा करण्यात नसते. दरवेळी परिस्थिती थोडी बदलते आणि दरवेळी तोच परिणाम साधायचा असतो. कबड्डीत कोणतीही चढाई आधीच्या चढाईसारखी नसते. म्हणून शरीराला एकच ठरलेला साचा शिकवण्यापेक्षा, एकाच ध्येयापर्यंत अनेक वाटांनी पोहोचायला शिकवणे जास्त उपयोगाचे असते.

शरीर बदलले तरी शिकणे थांबत नाही: मुरलीकांत पेटकर

याचे ठळक उदाहरण आपल्याच औद्योगिक पट्ट्याशी जोडलेले आहे. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर सैन्यात होते आणि बॉक्सिंग करत. १९६५ च्या भारत-पाकिस्तान युद्धात गोळ्या लागून त्यांच्या पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचा भाग अधू झाला. उपचारांचा भाग म्हणून ते पोहण्याकडे वळले. १९६८ च्या तेल अवीव पॅरालिम्पिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात ३७.३३ सेकंदांची विश्वविक्रमी वेळ देऊन सुवर्णपदक मिळवले. भारताचे ते पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक. पुढे त्यांनी टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

हालचालींच्या शास्त्राच्या नजरेने पाहिले तर यात एक महत्त्वाची गोष्ट दिसते. फ्रीस्टाइलमध्ये पायांच्या फटक्याने वेग तर मिळतोच, शिवाय कंबर पाण्याच्या वर राहते आणि शरीराचा तोल सांभाळला जातो. पाय साथ देत नसतील तर हा तोल खांदे, हात, मान आणि श्वासाच्या लयीने साधावा लागतो. हा धडधाकट माणसाच्या पोहण्याचा 'कमी' प्रकार नव्हे. तेच अंतर कापण्याचा तो वेगळा मार्ग आहे आणि तो मेंदूला शोधून काढावा लागतो.

प्रत्येक रुग्णाला पदक मिळणार नाही, आणि कण्याची प्रत्येक इजा सारखी नसते. तरीही प्रौढ मेंदू नव्या शरीरासाठी नव्या हालचाली शिकू शकतो, हे खरे आहे. त्यामुळे "पहिल्यासारखे हलेल का?" या प्रश्नाच्या जोडीला "जे करायचे आहे ते आणखी कोणत्या पद्धतीने करता येईल?" हा प्रश्नही आपल्या डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टना जरूर विचारावा.

एकाच गोष्टीचा रट्टा की अदलाबदल?

आता सराव कसा आखावा ते पाहू. समजा, मुलीला बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हिस शिकायच्या आहेत. आधी पहिल्या प्रकारच्या ३०, मग दुसऱ्या प्रकारच्या ३०, मग तिसऱ्या प्रकारच्या ३० मारायच्या, की तिन्ही आलटूनपालटून? पहिल्या पद्धतीत सराव नीटनेटका दिसतो. विसाव्या फटक्याला शटल हवे तिथे पडते, मुलगी खूश होते, पालकही खूश होतात. दुसऱ्या पद्धतीत चुका जास्त होतात.

१९७९ मध्ये जॉन शे आणि रॉबिन मॉर्गन यांनी हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात आलटूनपालटून सराव करणारे लोक सरावाच्या वेळी मागे होते, पण नंतरच्या चाचणीत तेच पुढे निघाले. १९८६ मध्ये बॅडमिंटनच्या तीन सर्व्हिसवर झालेल्या अभ्यासातही हाच कल दिसला. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या बेसबॉल खेळाडूंना सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, नेहमीच्या सरावाखेरीज ४५ जादा चेंडू दिले गेले. एका गटाला एका प्रकारचे १५, मग दुसऱ्याचे १५, मग तिसऱ्याचे १५ चेंडू मिळाले. दुसऱ्या गटाला तेच चेंडू मिसळून मिळाले, पुढचा कोणता येणार हे न कळता. शेवटच्या चाचणीत मिसळून खेळलेल्या गटाची फलंदाजी ५७ टक्क्यांनी सुधारली होती, ओळीने खेळलेल्या गटाची २५ टक्क्यांनी. चेंडूंची संख्या दोघांना सारखीच होती.

असे का होते? एकच फटका ओळीने मारताना मेंदू पहिल्या दोन-तीन वेळा हिशेब करतो, नंतर तोच पुढे चालवतो. फटका बदलला की हिशेब प्रत्येक वेळी नव्याने करावा लागतो. हा त्रासच शिकवतो. सामन्यातही तेच करावे लागते, कारण तिथे एकसारखे तीस चेंडू कोणी टाकत नाही.

तालमीत हे शहाणपण पूर्वीपासून आहे. वस्ताद पैलवानाची जोड बदलत राहतात: कधी उंच, कधी ठेंगणा, कधी वजनदार. ढाक किंवा पट प्रत्येकावर थोडा वेगळा बसवावा लागतो. आज मात्र अनेक मुले मातीवर सराव करतात आणि मॅटवर सामना खेळतात, किंवा याच्या उलट. दोन्ही पृष्ठभागांवर पाय वेगळे धरतो, वळताना गुडघ्यावर येणारा ताणही वेगळा असतो. स्पर्धा ज्या पृष्ठभागावर आहे, त्याच्यावरचा सराव काही आठवडे आधीपासून हळूहळू वाढवावा.

इथे एक सूचना. अगदी नवशिक्याला आणि लहान मुलाला सुरुवातीलाच सगळे मिसळून दिले तर गोंधळ होतो. आधी हालचालीचा ढाचा थोडा बसू द्यावा, मग अदलाबदल सुरू करावी. शिवाय प्रयोगशाळेत दिसणारा फायदा मैदानावर अनेकदा कमी भरतो. म्हणून ही पद्धत जादूची कांडी समजू नये.

रोज थोडे की एकदम खूप?

१९७८ मध्ये ब्रिटनच्या टपाल खात्यात कर्मचाऱ्यांना नवा कळफलक शिकवायचा होता. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी कर्मचाऱ्यांचे गट पाडले. रोज एक तास शिकणाऱ्या गटाला कळफलक येण्यासाठी एकूण सुमारे ३५ तास लागले. रोज दोन-दोन तासांची दोन सत्रे करणाऱ्या गटाला त्याच टप्प्यासाठी सुमारे ५० तास लागले. म्हणजे दिवसाला चार तास बसून त्यांचे बरेच तास वाया गेले. गंमत म्हणजे, रोज एक तास शिकणारा गटच जास्त नाराज होता, कारण दिवसांच्या हिशेबात आपण मागे आहोत असे त्यांना वाटत होते. स्वतःच्या प्रगतीचा आपला अंदाज किती फसवा असतो, ते यावरून दिसते.

दुखापतीनंतरच्या व्यायामातही हेच लागू पडते. रविवारी एकदम दोन तास व्यायाम करण्यापेक्षा रोज १५-२० मिनिटे दोनदा करणे बहुतेकांना जास्त मानवते. स्नायू आणि हाडांना दोन सत्रांमध्ये सावरायला वेळ मिळतो, हा याचा आणखी एक फायदा.

वाढत्या वयाच्या मुलांसाठी क्रीडावैद्यकात एक ढोबळ नियम सांगितला जातो: मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून जास्त तास आठवड्यात ठरवून दिलेला खेळाचा सराव नको, आणि आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी हवी. म्हणजे १२ वर्षांच्या मुलाला आठवड्याला १२ तासांपर्यंत. त्यापुढे अतिवापराच्या दुखापतींचा धोका वाढतो.

लक्ष शरीराकडे की परिणामाकडे?

"कोपर वर ठेव, गुडघा आत जाऊ देऊ नकोस, पाठ ताठ!" अशा सूचना मैदानावर सतत ऐकू येतात. गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंग शिकवणाऱ्या यंत्रावर एक प्रयोग केला. काहींना स्वतःच्या पायांनी दाब कसा द्यायचा याकडे लक्ष द्यायला सांगितले, काहींना पायांखालच्या यंत्राच्या चाकांवर दाब देण्याकडे. सूचनेतला फरक अगदी छोटा, पण दुसरा गट चांगला शिकला. पुढे तोल सांभाळणे, गोल्फ अशा अनेक हालचालींमध्ये असेच दिसले. लक्ष स्वतःच्या अवयवाकडे दिले की आपोआप चालणारी यंत्रणा अडखळते. परिणामाकडे दिले की शरीर आपली वाट स्वतः काढते.

गुडघ्याच्या एसीएल लिगामेंटच्या शस्त्रक्रियेनंतर याचा चांगला उपयोग होतो. कबड्डी, फुटबॉल, व्हॉलीबॉल खेळताना उडी मारून खाली येणे किंवा झटकन वळणे या क्षणी हे लिगामेंट तुटण्याचा धोका असतो. म्हणून सुरक्षित उतरायला पुन्हा शिकावे लागते. "गुडघा वाकव" असे सांगण्याऐवजी "जमिनीवर आवाज न करता उतर" असे सांगितले, की गुडघे आणि कंबर बहुधा आपसूक वाकतात. "ढोपर आत जाऊ देऊ नकोस" याऐवजी "गुडघा समोरच्या खांबाकडे जाऊ दे" असे सांगता येते. काय सांगायचे ते आपल्या फिजिओथेरपिस्टशी बोलून ठरवावे, कारण प्रत्येकाची अडचण वेगळी असते. वेदना, टाके किंवा ताजी दुखापत असताना शरीराकडे लक्ष देणेच गरजेचे असते, हेही विसरू नये.

घरच्यांनी किती सांगावे?

पालकांसाठी आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्यांसाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रेमापोटी आपण प्रत्येक हालचालीला "बरोबर", "चूक", "असे नाही, तसे" म्हणत राहतो. १९९० मध्ये कॅरोलिन विन्स्टाइन आणि रिचर्ड श्मिट यांनी एका गटाला प्रत्येक प्रयत्नानंतर निकाल सांगितला, दुसऱ्याला साधारण निम्म्याच प्रयत्नांनंतर, आणि तोही हळूहळू कमी करत नेला. नंतरच्या चाचणीत दुसऱ्या गटाने हालचाल जास्त चांगली टिकवली.

सतत सांगणारा कोणी असला की माणूस स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकत नाही. सामन्यात चढाई चालू असताना किंवा बाथरूममध्ये एकट्याने उठताना सांगणारे कोणी नसते. म्हणून चार-पाच प्रयत्न होऊ द्यावे. मग आधी विचारावे, "तुला कसे वाटले?" त्यानंतर एकच गोष्ट सांगावी. पडण्याचा धोका असेल तिथे मात्र गप्प बसू नये, जवळ उभे राहावे आणि आधार द्यावा.

रात्रपाळी, झोप आणि शिकणे

दिवसा केलेल्या सरावाचे पक्के होणे काही प्रमाणात झोपेत घडते. २००२ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी बोटांच्या ठरावीक क्रमाच्या हालचाली शिकवल्या, तेव्हा रात्रीच्या झोपेनंतर लोकांचा वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढला. तेवढेच तास जागे राहिलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. पुढच्या अभ्यासांत हा आकडा कमी-जास्त आला आहे, पण अपुऱ्या झोपेचे शिकण्यावर आणि दुखापतीच्या धोक्यावर वाईट परिणाम होतात, याबद्दल फारसा वाद नाही.

चाकण-भोसरीत पाळ्या बदलत राहतात, म्हणून हे आपल्यासाठी विशेष महत्त्वाचे. रात्रपाळी संपवून थेट मैदानावर नवे काही शिकायला किंवा जोरात पळायला जाऊ नये. आधी झोप, मग सराव. पाळी बदलण्याच्या आठवड्यात नवीन आणि अवघड व्यायाम सुरू करू नयेत, जमलेले हलके व्यायाम चालू ठेवावे. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. पहाटे पाचचे मैदान आणि रात्री अकरापर्यंतचा क्लास असे दोन्ही असेल, तर काहीतरी कमी करावेच लागेल.

प्लास्टर असताना काय करता येते?

हात किंवा पाय बांधलेला असताना शिकणे पूर्ण थांबत नाही. १९९२ मध्ये यू आणि कोल या संशोधकांनी काही जणांना करंगळीने जोर लावण्याची चार आठवडे फक्त कल्पना करायला सांगितली. त्यांची करंगळीची ताकद सुमारे २२ टक्क्यांनी वाढली, तर प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ३० टक्क्यांनी. स्नायू मोठे झाले नव्हते, मेंदूकडून येणारा आदेश जास्त जोरकस झाला होता. अभ्यास छोटा होता, आणि नुसत्या कल्पनेने कोणी खेळाडू होत नाही. पण प्लास्टरच्या काळात रोज १० मिनिटे डोळे मिटून आपला फटका, आपली धाव किंवा यंत्रावरचे आपले काम खऱ्या वेगाने मनात करून पाहण्यात काही तोटा नाही.

पक्षाघातानंतरही हेच शास्त्र वापरले जाते. चांगला हात काही काळ मोजा घालून मर्यादित ठेवायचा आणि अशक्त हाताकडून रोजची कामे भरपूर करून घ्यायची, अशी एक उपचारपद्धती आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २२२ रुग्णांवरच्या अमेरिकी अभ्यासात तिचा फायदा दिसला. ज्यांना मनगट आणि बोटे थोडी तरी उचलता येतात, अशांसाठीच ती असते. घरी स्वतःहून करून पाहू नये.

आठवड्याची आखणी: एक उदाहरण

समजा, एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर सर्जनने आणि फिजिओथेरपिस्टने उडीच्या व्यायामांना परवानगी दिली आहे. त्यांच्या सल्ल्याने आखणी अशी करता येईल:

• आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून, २०-३० मिनिटे. उरलेल्या दिवशी ताकदीचे व्यायाम किंवा विश्रांती.
• पहिले दोन आठवडे एकेक हालचाल ओळीने. मग पुढे उडी, बाजूला पाऊल, वळणे यांची अदलाबदल.
• सूचना एकाच वेळी एकच, आणि ती परिणामाकडे लक्ष वेधणारी.
• मोबाइलवर चित्रीकरण करावे, पण प्रत्येक उडीनंतर न पाहता पाच-सहा उड्यांनंतर पाहावे.
• दर आठवड्याच्या पहिल्या सत्रात, जास्त सराव न करता, मागच्या आठवड्याची हालचाल करून पाहावी आणि निकाल वहीत लिहावा. खरी प्रगती इथे दिसते.
• दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा वाढलेली वेदना असेल, तर एक पायरी मागे यावे.

स्पर्धेत परतण्याची घाई करू नये. शस्त्रक्रियेनंतर ९ महिन्यांच्या आत खेळात परतणाऱ्यांत गुडघा पुन्हा दुखावण्याचे प्रमाण जास्त आढळले आहे. "सरावात तर मस्त पळतो" हा मैदानात उतरण्याचा पुरावा नाही. ताकदीची आणि उडीची चाचणी, दमलेल्या अवस्थेतली हालचाल आणि मनातला विश्वास, हे सगळे तपासूनच परवानगी दिली जाते.

डॉक्टरांना कधी दाखवावे?

• सांधा सुजला, अडकला किंवा अचानक 'निसटल्यासारखा' वाटला तर.
• वेदना रात्री झोपेतून उठवत असेल किंवा विश्रांती घेऊनही दोन आठवड्यांत कमी होत नसेल तर.
• मूल लंगडत असेल, किंवा वेगवान गोलंदाजी करणाऱ्या मुलाची कंबर सतत दुखत असेल तर. मणक्याच्या हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो.
• हाता-पायाला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा वाढत असेल तर.
• खेळताना छातीत दुखले किंवा चक्कर येऊन शुद्ध हरपली तर खेळ तिथेच थांबवावा आणि लगेच तपासणी करावी.
• अचानक चेहरा वाकडा झाला, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी

आज चुका झाल्या म्हणून मुलाला रागावू नका, आणि आज सगळे छान झाले म्हणून रुग्णाचा व्यायाम बंदही करू नका. दोन दिवस थांबा. मग वेगळ्या जागी, न सांगता, पहिल्या एक-दोन प्रयत्नांत काय होते ते पाहा. तिथे थोडी जरी सुधारणा दिसली, तरी सराव योग्य वाटेवर आहे. दिसली नाही, तर तास वाढवण्याआधी सरावाची पद्धत बदला, आणि त्यासाठी प्रशिक्षक, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर यांचा सल्ला घ्या.

(या लेखातील माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. आपल्या दुखापतीसाठी किंवा आजारासाठी व्यायाम ठरवताना आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)